क्लबचा ब्रँड घडवतं कोण? मालक, मार्केटिंगवाले की गावातले फॅन?

डावाविंगर

फुटबॉल क्लबच्या ब्रँडचा विषय निघाला की गाडी हमखास स्पॉन्सर, जर्सीविक्री आणि फॉलोअर्सच्या आकड्यांवर जाते. पण विकायला जे काही आहे ते आलं कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे. ज्या क्लबांची नावं आपण इतक्या लांबून घेतो, त्यांची ओळख त्या त्या शहरातल्या, वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या जगण्यातून तयार केली. मालक येतात-जातात, खेळाडू दर दोन-चार सीझनला बदलतात, स्पॉन्सर तर त्याहून लवकर. नाव, रंग, बॅज आणि मैदान राहतं, आणि ते आपलं आहे असं सांगणारी माणसं राहतात. मार्केटिंगवाल्यांनी ते सांभाळायचं असतं. त्यांना वाटलं ते आपल्या मालकीचं आहे, की घोटाळा होतो.

कार्डिफ सिटी बघा. १८९९ साली सुरू झालेला वेल्समधला क्लब. जर्सी निळी, टोपणनाव ब्लूबर्ड्स. २०१२ साली मलेशियन मालक विन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली. बॅजवर वेल्सचा लाल ड्रॅगन मोठा झाला आणि निळा पक्षी आकसून खाली गेला. कारण दिलं गेलं ते आशियातल्या बाजाराचं. तिकडे लाल रंग शुभ मानतात म्हणून.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच लाल जर्सीत पहिल्याच सीझनला कार्डिफने चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडचा दुसरा विभाग, जिंकली आणि ५१ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पाऊल ठेवलं. ज्याची तीन पिढ्यांनी वाट पाहिली तेच मिळालं. तरी निळ्या रंगाची मागणी थांबली नाही. स्टँडमध्ये निळे स्कार्फ येतच राहिले, आणि जानेवारी २०१५ मध्ये क्लबला निळ्यावर परत यावं लागलं. म्हणजे मैदानावरचं यश देऊनही रंगाची किंमत चुकवता आली नाही.

धंद्याच्या बाजूनेही हा निर्णय मला कधी पटला नाही. आशियातल्या ज्या प्रेक्षकाला लाल जर्सी हवी आहे, त्याच्याकडे लिव्हरपूल आहे, मँचेस्टर युनायटेड आहे. तो कार्डिफकडे कशाला वळेल? कार्डिफजवळ वेगळं असं जे होतं ते त्यांचा निळा रंग आणि त्यामागचं शहर. नेमकं तेच काढून टाकलं.

तुमच्या माहितीतली उदाहरणं लिहा. उलट बाजूची असतील तर आधी ती लिहा.

चौथा पंच

उलट बाजू मी घेतो, कारण मला खरंच तसं वाटतं.

ब्रँड ट्रॉफ्यांनी बनतो. गावातल्या फॅन्सची निष्ठा जगभर सगळीकडे आहे. खालच्या विभागातल्या कुठल्याही क्लबकडे शंभर वर्षांच्या आठवणी आणि चार पिढ्यांचे फॅन सापडतील. त्यांचा ब्रँड का होत नाही? २००८ च्या आधी मँचेस्टर सिटीचे फॅन कमी निष्ठावान होते का? क्लब तिसऱ्या स्तरावर घसरला तेव्हाही स्टेडियम भरत होतं. तरी बाहेरच्या जगाने त्यांची दखल घेतली ती अबुधाबीचा पैसा आल्यावर आणि लीग जिंकायला लागल्यावर.

आणि जर्मनीतल्या लाइपझिगचं काय? २००९ साली एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलने मार्करानश्टाट नावाच्या छोट्या क्लबचा परवाना घेतला, नाव आणि रंग नवे केले, २०१६ मध्ये बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीचा पहिला विभाग, गाठली. २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा जर्मन कप जिंकला. इतिहास नाही, वारसा नाही, तरी स्टेडियम भरतं. तुमच्या मांडणीत हे बसत नाही.

डावाविंगर

चौथा पंच, लाइपझिगचा मुद्दा जोरदार आहे, पण त्याच्या आत डोकावलं तर वेगळं चित्र दिसतं.

लाइपझिग हे जर्मन फुटबॉलच्या मुळाशी असलेलं शहर. १९०० साली जर्मन फुटबॉल संघटना तिथेच स्थापन झाली, आणि १९०३ चा पहिला जर्मन विजेता व्हीएफबी लाइपझिग. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या क्लबांची वाताहत झाली. २००६ च्या विश्वचषकासाठी बांधलेलं मोठं स्टेडियम शहरात उभं होतं आणि त्यात खेळायला वरच्या दर्जाचा संघच नव्हता. रेड बुलने जागा फार विचारपूर्वक निवडली. शहराची भूक आधीपासून होती, ती त्यांनी निर्माण केली नाही. आणि आजही लोकोमोटिव्ह आणि शेमी हे तिथले जुने क्लब खालच्या विभागांत स्वतःच्या फॅन्सच्या जोरावर उभे आहेत. शहराची सगळी ओळख काही रेड बुलकडे गेलेली नाही.

याच कंपनीने २००५ साली साल्झबुर्गमध्ये काय केलं तेही जोडून बघा. तिथल्या ऑस्ट्रिया साल्झबुर्ग या क्लबचा जांभळा-पांढरा रंग गेला, नाव गेलं. जांभळ्या रंगाला धरून बसलेल्या फॅन्सनी स्वतःचा क्लब काढला आणि अगदी तळाच्या सातव्या स्तरापासून सुरुवात केली. रेड बुल साल्झबुर्गने नंतर कितीतरी विजेतेपदं मिळवली, हे मान्यच आहे. पण त्या जर्सीकडे पाहून साल्झबुर्ग शहर आठवतं की एनर्जी ड्रिंकचा डबा आठवतो? तो कंपनीचा ब्रँड झाला. क्लबचा झाला का, हा माझा प्रश्न आहे.

शाईपेन

मी लोगो आणि पॅकेजिंगच्या कामात आहे, म्हणून बॅजबद्दल लिहिते.

लीड्स युनायटेडने जानेवारी २०१८ मध्ये नवा बॅज दाखवला. छातीवर मूठ ठेवलेला एक माणूस. लीड्सचे फॅन छातीवर मूठ आपटून सलाम करतात, तीच खूण. कल्पना कागदावर सुंदर आहे: फॅन्सचीच खूण फॅन्सनाच बॅजवर दिली. दहा हजार लोकांशी बोलून हे केलं, असं क्लबने सांगितलं. आणि एका दिवसात विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या. क्लबने माघार घेतली.

असं का होतं, हे आमच्या व्यवसायातल्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवं. लोकांना विचारलं जातं, "क्लब तुमच्यासाठी काय आहे?" ते सांगतात: अभिमान, एकजूट, शहर. मग डिझायनर त्या शब्दांचं चित्र काढतो. पण त्या शब्दांसाठी लोकांकडे आधीच एक चित्र असतं, जुना बॅज. तो त्यांच्या दंडावर गोंदलेला असतो, वडिलांच्या थडग्यावर कोरलेला असतो. साबणाचं वेष्टन बदललं तर कुणाच्या अंगावरची खूण खोटी ठरत नाही. इथे ठरते.

एव्हर्टनने २०१३ मध्ये बॅज सोपा करताना खालचं लॅटिन ब्रीदवाक्य काढलं. 'सर्वोत्तमाखेरीज काहीच पुरेसं नाही' अशा अर्थाचं. वीस हजारांवर लोकांनी विरोधात सह्या केल्या. क्लबने माफी मागितली आणि पुढच्या सीझनसाठी फॅन्सकडून मतदान घेतलं. ब्रीदवाक्य परत आलं. मला या प्रकरणात क्लबचं कौतुक वाटतं. चूक झाल्यावर लोकांकडे जाऊन निर्णयच त्यांच्या हातात दिला, फक्त 'मतं जाणून घेतली' नाहीत.

आता चौथा पंच यांच्या बाजूने एक उदाहरण. युव्हेंटसने २०१७ मध्ये जुना बॅज टाकून नुसतं 'J' हे इंग्रजी अक्षर घेतलं. भरपूर ओरड झाली, पण ते अक्षर टिकलं. माझा तर्क असा की युव्हेंटसचे फॅन मुळातच एका शहराचे नाहीत. ते इटलीभर, अगदी दक्षिणेच्या टोकापर्यंत पसरलेले आहेत, आणि खुद्द तुरिनमध्ये तोरिनोचे फॅन आम्हीच या शहराचे म्हणून सांगतात. शहराचा बॅज नसलेला क्लब बॅज बदलू शकतो. लीड्सला ते जमत नाही, कारण तिथे शहर आणि क्लब वेगळे काढता येत नाहीत.

लिबेरो

शाईपेन, युव्हेंटसचा मुद्दा आवडला. यात भर म्हणून सांगतो, त्यांचे काळे-पांढरे पट्टेसुद्धा मूळचे इंग्लंडच्या नॉट्स काउंटीचे. १९०३ मध्ये तिकडून जर्सी मागवल्या आणि तेच रंग कायमचे झाले.

मी स्पॉन्सरच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. गावातली ओळख पैशाच्या व्यवहारावर कशी चढते, ते त्यातून दिसेल.

ग्लासगोमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स. सेल्टिकमागे आयरिश कॅथलिक स्थलांतरितांचा इतिहास, रेंजर्समागे प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठा सांगणारा समाज. एका क्लबच्या छातीवर नाव टाकलं तर शहराचा उरलेला भाग तुमच्या मालाकडे पाठ फिरवणार, ही भीती कंपन्यांना खरीच होती. म्हणून कित्येक वर्षं दोन्ही क्लबांचा स्पॉन्सर एकच असे. आधी एनटीएल, मग कार्लिंग, मग टेनंट्स. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन क्लब आणि छातीवर एकच नाव. फॅन्सनी ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही. नुसत्या त्यांच्या असण्याने कंपनीला दुप्पट खर्च करावा लागला.

दुसरं ब्राझीलचं. १९८७ मध्ये तिथल्या क्लबांच्या जर्सीवर कोका-कोला आलं. पोर्तो अलेग्रे शहरात ग्रेमियो निळा-काळा-पांढरा आणि कट्टर प्रतिस्पर्धी इंटरनॅसिओनाल लाल. ग्रेमियोच्या जर्सीवर लाल रंग चालणारच नव्हता. तेव्हा कोका-कोलाने तिथे आपलं नाव लाल सोडून काळ्यात छापलं. आपल्या लाल रंगासाठी जगभर ओळखली जाणारी कंपनी, आणि शहराच्या अर्ध्या भागासाठी तिने तो रंग सोडला.

सहज वाचक

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: आपण सगळेच लांबून बघणारे. या हिशोबात आपण कुठे बसतो? क्लबच्या दृष्टीने आपण फक्त गिऱ्हाईक का?

मृण्मयी

सहज वाचक, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. माझ्या मनात तो झांक्ट पाउली या जर्मन क्लबमुळे सतत असतो, कारण मी त्यांची लांबूनची फॅन आहे आणि कवटीचा टी-शर्ट माझ्याकडेही आहे.

कवटीची गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी. हँबुर्गच्या बंदराजवळ झांक्ट पाउली हा भाग. १९८० च्या दशकात हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरच्या रिकाम्या इमारतींचा ताबा घेऊन तरुण मुलं राहत होती, पोलिसांशी झटापटी चालू होत्या. त्याच मुलांचा घोळका मिलर्नटोर स्टेडियमवर मॅच बघायला जाऊ लागला. त्यांच्यापैकी एकाने चाच्यांचा कवटीचा झेंडा झाडूच्या दांड्याला ठोकून स्टँडमध्ये आणला. क्लबच्या अधिकृत बॅजवर हँबुर्गचा किल्ला आहे, कवटी नाही. पण जग या क्लबला कवटीवरून ओळखतं. एका दांड्यावरून सुरू झालेली खूण क्लबच्या अधिकृत बॅजहून मोठी झाली.

मग ती विकली जाऊ लागली. माल विकण्याचे हक्क बरीच वर्षं बाहेरच्या कंपनीच्या हातात होते. २०१५ च्या शेवटी क्लबने ते परत घेतले. मधल्या काळात, २०११ साली, स्टेडियममधल्या वाढत्या जाहिरातबाजीविरुद्ध फॅन्सनी लाल कवटीचे झेंडे फडकवले. स्वतःच्याच खुणेचा रंग बदलून क्लबला इशारा दिला. पुढे काही वर्षं क्लबने जर्सीसाठी मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःचा ब्रँड चालवला. आणि २०२४ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली, जिचे शेअर घेऊन फॅन स्टेडियमचे मालक झाले. यात लांबचे लोकही शेअर घेऊ शकत होते.

म्हणून मला वाटतं, आपण गिऱ्हाईक असलो तरी नुसते गिऱ्हाईक असायची सक्ती नाही. माझ्यासारखी माणसं कवटी विकत घेतात ती त्या वस्तीने जे केलं त्याच्या ओढीने. उद्या त्या वस्तीलाच तिथे परवडेनासं झालं, स्टँडमधून ती माणसं गेली, तर माझ्या टी-शर्टला काही अर्थ उरणार नाही. याचा विचार लांबच्या फॅन्सनी करायला हवा. स्थानिकांच्या तिकिटाचा दर हा आपलाही प्रश्न आहे.

डावाविंगर

मृण्मयीताई, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. तिकिटाच्या दरावरून लिव्हरपूल आठवलं. फेब्रुवारी २०१६, सुंदरलँडविरुद्धची मॅच. नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड होणार अशी घोषणा झालेली. ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालू लागले. लिव्हरपूल २-० पुढे होतं. लोक बाहेर पडत असताना सुंदरलँडने दोन गोल केले, मॅच बरोबरीत सुटली. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. टीव्हीवर जगभर दाखवलं जाणारं ॲनफिल्डचं, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानाचं, वातावरण कोण तयार करतं, ते त्या रिकाम्या खुर्च्यांनी मालकांना दाखवून दिलं.

याच क्लबने २०१९ मध्ये 'लिव्हरपूल' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला. नकली मालाला आळा घालण्यासाठी, असं कारण होतं. फॅन चिडले, शहर चिडलं. ब्रिटनच्या संबंधित कार्यालयाने अर्ज नाकारला, कारण ते एका शहराचं नाव आहे. माझ्या पहिल्या पोस्टमधला मुद्दा कायद्याच्या भाषेत एवढाच आहे.

ऑफसाइड

सगळ्यांनी स्थानिक ओळखीची गोड बाजू लिहिली. दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर चर्चा अर्धवट राहील.

इस्रायलचा बेतार जेरुसलेम. २०१३ मध्ये क्लबने चेचन्याचे दोन मुस्लिम खेळाडू आणले. फॅन्सच्या एका गटाने त्यांना शिव्या घातल्या, क्लबच्या कार्यालयाला आग लावली गेली. त्यातल्या एकाने, झाउर सादायेवने, गोल केला तेव्हा स्वतःच्याच संघाचे फॅन स्टेडियम सोडून निघून गेले. त्याच सुमारास, डिसेंबर २०१२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या झेनिटच्या सर्वांत मोठ्या फॅन गटाने जाहीर पत्र काढून कृष्णवर्णीय आणि समलिंगी खेळाडू नकोत अशी मागणी केली. 'आमची परंपरा' हाच शब्द तिथेही होता.

मग ब्रँड फॅन्सच्या ओळखीतून बनतो असं म्हणायचं, तर हाही त्यातूनच बनतो. जगाच्या नजरेत बेतारचं नाव आज याच गोष्टीशी जोडलेलं आहे. अशा ठिकाणी क्लबने फॅन्सचं ऐकायचं का?

डावाविंगर

नाही. तिथे ऐकायचं नाही, ठाम उभं राहायचं. फॅन्सची ओळख ब्रँड घडवते म्हणजे फॅन म्हणतील ते बरोबर, असा अर्थ होत नाही. ओळख 'आम्ही कोण' यावर उभी आहे की 'कोण नको' यावर, हा फरक मला फार मोठा वाटतो.

ॲथलेटिक बिल्बाओ बघा. १८९८ चा क्लब, शंभराहून जास्त वर्षं फक्त बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या त्याच प्रदेशातले, खेळाडू घेऊन खेळतोय. रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाखेरीज स्पेनच्या पहिल्या विभागातून कधीच खाली न गेलेला हा एकमेव क्लब. वरवर पाहता हा सगळ्यांत बंदिस्त क्लब वाटेल. पण नियमाचा अर्थ काळाबरोबर रुंदावत गेला: बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे फुटबॉल शिकून वाढलेला. इन्याकी आणि निको विल्यम्सचे आई-वडील घानातून सहारा ओलांडून स्पेनला पोचले. इन्याकी बिल्बाओतच जन्मला. २०१५ साली तो ॲथलेटिकसाठी गोल करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. २०२४ मध्ये ॲथलेटिकने ४० वर्षांनी कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला, तेव्हा दोघे भाऊ संघात होते. परंपरेप्रमाणे संघ गबारा नावाच्या पडावात बसून नदीतून मिरवला आणि दोन्ही काठांवर अलोट माणसं उभी होती. त्या दिवशी बास्क ओळख म्हणजे काय, याचं उत्तर त्या पडावात दिसत होतं.

चौथा पंच

ॲथलेटिकचं मला मनापासून कौतुक आहे, पण अर्थकारण बघा. आपल्याच भागातले खेळाडू घेणाऱ्या क्लबला चांगला खेळाडू सोडायचा नसतो, कारण बदली माणूस बाजारातून आणता येत नाही. शेजारच्या रेआल सोसिएदादने हाच नियम १९८९ मध्ये बास्क नसलेल्या जॉन आल्ड्रिजला घेऊन सोडला. त्यांची बास्क ओळख काही पुसली नाही. म्हणजे ओळख टिकवायला इतकं कडक असावंच लागतं असं नाही.

आणि एक अवघड प्रश्न जर्मनीतल्या शाल्केबद्दल. त्या क्लबची सगळी ओळख खाणकामगारांची. खेळाडू मैदानात येतात तो बोगदासुद्धा कोळशाच्या खाणीसारखा बांधलेला आहे. पण जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण, जवळच्याच बोट्रोपची, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. आता खाण नाही, खाणकामगार नाहीत. बोगदा उरला. मग ती ओळख खरी की सजावट?

लिबेरो

खाण बंद झाली, पण तिथे काम केलेल्यांची मुलं-नातवंडं स्टँडमध्ये आहेत. खाणकामगारांचं जुनं गाणं आजही मॅचआधी म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्यांच्या घरात कुणी ना कुणी खाली उतरलेलं असतं. नुसता बोगदा असता आणि गाणारं कुणी नसतं तर मी सजावट म्हणालो असतो. अर्थात अजून दोन पिढ्यांनी काय असेल, हा प्रश्न उरतोच. तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही.

सहज वाचक

भारतातलं एखादं उदाहरण?

मृण्मयी

मोहन बागान. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा. २०२० मध्ये क्लबचा फुटबॉल संघ एटीके या कोलकात्याच्याच फ्रँचायझीबरोबर एकत्र आला आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) नाव झालं एटीके मोहन बागान. हिरवी-मरून जर्सी राहिली, बॅजवरची होडी राहिली. तरी 'एटीके काढा' ही मागणी फॅन्सनी स्टेडियमपासून रस्त्यापर्यंत सोडली नाही. अशा क्लबच्या नावाआधी जेमतेम काही वर्षांच्या फ्रँचायझीची अक्षरं लावायची, हे त्यांना सहनच झालं नाही. मार्च २०२३ मध्ये संघ आयएसएल जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी नाव बदलण्याची घोषणा केली. मोहन बागान सुपर जायंट. मागे काहीतरी चिकटलंच, पण पुढचं गेलं.

इथेही कार्डिफसारखंच दिसतं. संघ जिंकत होता, पैसा येत होता. विरोध करणाऱ्यांना ते सगळं हवंही होतं. फक्त स्वतःचं नाव देऊन नको होतं.

शाईपेन

मृण्मयी, तुमच्या पोस्टमुळे नावांचा विषय निघालाय तर हल सिटी. मालक असीम अलाम यांनी क्लबचं नाव 'हल टायगर्स' करायचा घाट घातला होता, जगात विकायला सोपं म्हणून. फॅन्सनी विरोध केला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) २०१४ आणि २०१५ असं दोनदा नाकारलं. 'सिटी' हे नाव इंग्लंडमध्ये कितीतरी क्लबांना आहे, त्यामुळे वेगळेपण दिसत नाही, असं मार्केटिंगच्या कुठल्याही वर्गात शिकवतील. हलच्या माणसाला मात्र त्या नावात वेगळेपण नकोच होतं. त्याचं गाव हल आहे, आणि क्लब त्याच्या गावाचा आहे, एवढं त्यात असलं की पुरे.

इंग्लंडमध्ये २०२५ साली संसदेने फुटबॉलसाठी कायदा केला आणि स्वतंत्र नियामक नेमला. नाव, बॅज, घरच्या जर्सीचे रंग यांना त्यात संरक्षण आहे. कार्डिफ आणि हलच्या फॅन्सनी सोसलेल्या गोष्टी आज कायद्याच्या कलमांत आहेत.

ऑफसाइड

कायद्याने रंग वाचेल. तिकीट, सामन्यांच्या वेळा, टीव्हीसाठी सोमवारी रात्री ठेवलेली मॅच, हे कोण वाचवणार?

डावाविंगर

ऑफसाइड, त्यासाठी रचनाच वेगळी लागते. जर्मनीत १९९८ पासून ५०+१ नियम आहे: क्लबच्या फुटबॉल कंपनीत बहुमत सदस्यांकडेच राहिलं पाहिजे. लाइपझिगने त्याला वळसा घातला तो मतदानाचा हक्क असलेले सदस्य अगदी मोजके ठेवून, म्हणून जर्मनीतल्या इतर फॅन्सचा त्यांच्यावर इतका राग.

युनियन बर्लिनचं सांगायचं राहिलं होतं. पूर्व बर्लिनचा कामगारवर्गाचा क्लब. २००४ मध्ये पैसे नव्हते तेव्हा फॅन्सनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबला दिला. २००८-०९ मध्ये स्टेडियमची डागडुजी करायला पैसे नव्हते, तर दोन हजारांहून जास्त फॅन्सनी स्वतः सिमेंट-विटा हातात घेतल्या. सुतार, वेल्डर, कारकून, विद्यार्थी. एकूण काम भरलं सुमारे १ लाख ४० हजार तासांचं. २०१९ मध्ये पहिल्यांदाच बुंडेसलिगा. घरच्या मैदानावर पहिली मॅच नेमकी लाइपझिगशी. पहिली पंधरा मिनिटं स्टेडियम पूर्ण गप्प राहिलं, लाइपझिगच्या रचनेचा निषेध म्हणून. आणि लोकांनी हातात फोटो धरले होते: हा दिवस बघायला न राहिलेल्या फॅन्सचे. कुणाचे वडील, कुणाचा मित्र.

युनियन ०-४ हरलं. त्या दिवसाचा फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला तो त्या फोटो धरलेल्या हातांचा. कुठल्याही एजन्सीला असं काही सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी घडवता आलं नसतं. त्या स्टँडच्या पायऱ्या ज्यांनी स्वतः ओतल्या, त्यांनाच ते शोभतं.

चौथा पंच

युनियनबद्दल वाद नाही. पण मग रेक्सहॅमचं कसं लावायचं? २०११ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा फॅन्सनी एका दिवसात एक लाख पौंड उभे करून तो वाचवला आणि पुढे स्वतः चालवला. जग तेव्हा फिरकलं नाही. हॉलिवूडचे दोन नट मालक झाले, माहितीपटांची मालिका आली, मग जग आलं. फॅन्सची ओळख आधीपासून होती, ब्रँड नंतर आला. मधल्या अंतराला काय म्हणायचं?

डावाविंगर

प्रसिद्धी म्हणायचं, आणि ती पैशाने येते हे मी नाकारत नाही. पण ते दोघे नट आले ते कुणाच्या परवानगीने? क्लब फॅन्सच्या ट्रस्टच्या मालकीचा होता. २०२० मध्ये सदस्यांनी मतदान केलं, ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, आणि त्याआधी लेखी हमी घेतली होती की नाव बदलणार नाही, क्लब गावाबाहेर हलवणार नाही. मालिकेत कॅमेरा फिरतो तोही मैदानाशेजारच्या पबवर, खेळपट्टीची निगा राखणाऱ्यांवर, वर्षानुवर्षं त्याच जागी उभ्या राहणाऱ्या लोकांवर. नटांनी जगाला दाखवलं ते गाव. ते नसतं तर त्यांच्याकडे दाखवायला काय होतं?

लिबेरो

आणि हमी न घेता काय होतं, त्यासाठी विम्बल्डन. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. २००२ मध्ये परवानगी मिळवून पुढच्या वर्षी तो उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात नेला. फॅन्सनी २००२ च्याच उन्हाळ्यात गावच्या मोकळ्या मैदानात खेळाडूंची निवड चाचणी ठेवली आणि एएफसी विम्बल्डन उभा केला, नवव्या स्तरावर. नऊ सीझनमध्ये ते परत व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, २०२० मध्ये विम्बल्डनमधल्याच प्लाउ लेनवर स्वतःच्या स्टेडियममध्ये. मिल्टन कीन्सच्या क्लबने २००७ मध्ये जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि त्या ट्रॉफ्यांचा ठेवा विम्बल्डन ज्या भागात येतं त्या मर्टनच्या पालिकेकडे दिला.

चौथा पंच, ट्रॉफ्यांनी ब्रँड बनतो म्हणालात ना. त्या ट्रॉफ्या ज्या क्लबकडे होत्या, त्याला त्यांचा काही उपयोग झाला नाही.